हाताबद्दल, एकदाचं सगळं

हॅम्बुर्ग, १ मार्च

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका. फोनवर आई रडायला लागते, बाबा मधेच "डॉक्टर नेमकं काय म्हणाले ते सांग" म्हणतात, आणि मागून दादा तिसरंच काहीतरी विचारतो. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. अक्षर नेहमीइतकंच वाईट आहे, त्यावरून तब्येत ठीक आहे असं समजा.

आधी आत्याला सांगा, इथल्या डॉक्टरांनी हाड वाकडं बसवलेलं नाही. सायकल ओल्या पानांवरून घसरली, डावं मनगट मोडलं, प्लास्टर घातलं, प्लास्टर निघालं, हाड छान जुळलं. हाड जुळलं तरी दुखणं वाढतच गेलं, हेच या आजाराचं वैशिष्ट्य. नाव आहे कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोम, सीआरपीएस. इथले जुने डॉक्टर मात्र 'झूडेक' म्हणतात. पाउल झूडेक हा हॅम्बुर्गचाच सर्जन. अशा दुखण्यात हाडं कशी विरळ होतात हे त्याने १९०० साली क्ष-किरणांच्या मदतीने दाखवलं. आजारसुद्धा बघा, स्थानिकच मिळाला!

बाबा, तुम्ही नेटवर जे वाचून रात्रभर जागलात, ते दुसऱ्या प्रकाराचं होतं. १९९४ मध्ये या दुखण्याचे दोन प्रकार ठरले. दुसऱ्यात एखादा मोठा मज्जातंतू जखमी झालेला असतो. अमेरिकेच्या यादवी युद्धात गोळ्या लागलेल्या सैनिकांमध्ये वीअर मिचेल या डॉक्टरने ते पाहिलं आणि त्याला कॉझाल्जिया म्हटलं. त्या सैनिकांना कोरडा स्पर्श सोसत नसे, म्हणून ते हात सतत ओल्या फडक्यात ठेवत. माझा पहिला प्रकार. फ्रॅक्चर, मुरगळणं, कधी साधं ऑपरेशन एवढ्यानेही तो होतो आणि त्यात मज्जातंतूला इजा झाल्याचा पुरावा नसतो. त्रास मात्र दोन्हींत बराचसा सारखा, म्हणून "पहिला म्हणजे हलका" असं वहिनीला सांगू नका. आणि आजार तीन पायऱ्यांनी वाढतो, शेवटच्या पायरीवर हात निकामी होतो, ते जुनं झालं. आता डॉक्टर तसं मानत नाहीत.

आई, एवढ्या थंडीत माझी एकच बाही वर का, हे तुझ्या नजरेतून सुटलं नाहीच. बाही लागली की भाजल्यासारखं होतं, म्हणून. सुरुवातीला हात लाल, गरम आणि एवढा सुजलेला होता की बोटांच्या पेरांवरच्या रेघा दिसत नव्हत्या. घाम फक्त त्याच तळव्याला. नखंही त्याच हाताची भराभर वाढायची. आता तो उलट गार पडतो, कधी निळसर दिसतो. काहींचा सुरुवातीपासूनच गार असतो म्हणे. डॉक्टरांनी दोन्ही हातांचा रंग, ऊब, घाम, सूज, हालचाल सगळं ताडून पाहिलं आणि मगच नाव दिलं. याला एकच अशी रक्ततपासणी नाही. त्यामुळे "रिपोर्ट नॉर्मल आले, मग मनाचे खेळ असतील" हे मावशीचं म्हणणं मला मान्य नाही. तिला प्रेमाने सांग, पण सांग.

"हाताला आराम दे" म्हणतेस, तर इथे आरामालाच बंदी आहे. गळ्यात झोळी बांधून ठेवला तर आखडतो. म्हणून रोज तो वापरायचा, सोसेल एवढाच. थेरपीच्या टेबलावर एक वाडगं असतं, त्यात चक्क आपले मसूर! त्यात हात घालून बोटं फिरवायची. पहिल्यांदा डोळ्यांत पाणी आलं, आता मी भाव विचारते. मग आरसा. डावा हात आरशामागे लपवायचा, उजवा समोर हलवायचा आणि प्रतिबिंबाकडे बघत राहायचं. मेंदूला वाटतं डावाच हलतोय, आणि दुखत नाहीये. मला आधी पोरखेळ वाटला होता, पण परवा मी स्वतः कणीक मळली. तिळाच्या तेलाची बाटली पाठवू नकोस, जोरात मालिश अजून सोसत नाही. जिरावण मसाला पाठव. इथल्या पोह्यांना त्याशिवाय अर्थ नाही.

एक मात्र मला अजून पचलेलं नाही. हे लोक ऐन हिवाळ्यात खिडक्या सताड उघडतात. फट नव्हे, पूर्ण! आधी हीटर बंद करायचा, मग समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या, पाच-दहा मिनिटं बर्फाळ वारा घरातून जाऊ द्यायचा, मग बंद. सकाळी, संध्याकाळी, शिवाय अंघोळ झाली की, स्वयंपाक झाला की. घरं इतकी हवाबंद असतात की वाफ भिंतींवर बसते, मग बुरशी येते, आणि मग घरमालक म्हणतो, तुम्ही हवा खेळवली नाही, खर्च तुमचा. पुष्कळांच्या भाडेकरारातही हे लिहिलेलं असतं. आपण इंदूरच्या लोकमान्य नगरात उन्हाळ्यातली गरम लू नको, धूळ नको म्हणून खिडक्या लावणारी माणसं! ऑफिसात खिडकी उघडली की माझा हात आधी ओरडतो. मी तो जॅकेटच्या आत घेते. आता सगळ्यांना ठाऊक आहे, उघडायच्या आधी मला विचारतात. तेव्हा "तिकडे तुला बघणारं कोण आहे" हा प्रश्न पुन्हा नको.

आता पैशांचं. इथे आजारपणात पहिले सहा आठवडे पूर्ण पगार मिळतो, पुढे आरोग्य विमा कपातीआधीच्या पगाराच्या ७० टक्के देतो. म्हणून गेले दोन महिने कमी आले. गच्चीच्या कामाचा हप्ता दादाने भरला, हे वहिनीकडून कळलं. त्याने मला सांगायला हवं होतं. म्हणजे, मीच विचारायला हवं होतं, ते असो. सध्या मी थोडे तास कामावर जाते, हळूहळू वाढवायचे. या पद्धतीला इथे 'हॅम्बुर्ग मॉडेल'च म्हणतात. जूनपासून पूर्ण पगार सुरू होईल असं दिसतं. बाबांच्या मोतीबिंदूला थांबू नका. मी असते तर बरं झालं असतं, पण डोळा माझ्यासाठी का थांबवायचा?

मावशीने आणलेल्या पुण्याच्या स्थळाबद्दल. आई, "हाताचं आत्ता बोलू नकोस, लग्नापर्यंत बरा होईल" हे मला चालणार नाही. बरेच जण पहिल्या वर्षात सुधारतात, काहींचं दुखणं राहतं. माझं कुठे जाईल हे मीही सांगू शकत नाही, मग मावशी कशी सांगणार? मुलाला मी स्वतः फोन करून सांगेन, त्याच्या आईलाही. नाही म्हणाले तर म्हणू देत, तू उपासतापास सुरू करू नकोस. हो म्हणाले तर दिवाळीनंतरचा मुहूर्त बघा, तिकीट तेव्हा स्वस्त असतं.

दादाला सांगा, हप्त्याचा आकडा मला पाठव, गप्प बसू नकोस.

तुमची
मनू

ता. क. आई, बांगड्यांचं माप पाठवायला सांगितलं होतंस. उजव्या हाताचं पाठवते, डाव्याचं अजून घेऊ देत नाही.