ताई, तुमच्यामुळे आम्ही युरोपात पोटभर जेवलो

प्रिय ताई,

व्हॉट्सॅपवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता, म्हणून आता सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. दुसरं कारण म्हणजे तुम्ही आम्हाला जे सांगितलंत ते आपल्याकडच्या खूप जणांच्या कामाचं आहे, व्हीगन म्हणजे मांस-अंडीच काय, दूध-मधही न खाणाऱ्या लोकांच्या तर आहेच पण घरात अंडंसुद्धा न आणणाऱ्या साध्या शाकाहारी माणसांच्याही.

तुमची-माझी ओळख ती काय, मावसबहिणीच्या मैत्रिणीच्या तुम्ही ओळखीच्या, बर्लिनला राहता आणि कित्येक वर्षं व्हीगन आहात, एवढंच मला माहीत. मी मेसेज टाकला की आम्ही तिघं येतोय, मी आणि नवरा व्हीगन, सोबत आई, ती दूध-दही खाते पण अंड्याच्या वासानेही उठून जाते, अथेन्स, नेपल्स, जेनोवा, व्हिएन्ना आणि शेवटी बर्लिन असा बेत आहे, जेवणाचं कसं जमेल? इथल्या टूरवाल्याने आधीच सांगून टाकलं होतं की व्हीगन असाल तर बॅगभर थेपले-खाकरे न्या, तिकडे ब्रेड आणि सॅलडवरच राहावं लागतं. आणि तुम्ही, ज्यांनी मला कधी पाहिलंही नव्हतं, त्याच रात्री एकामागून एक व्हॉइस नोट पाठवत बसलात. त्यातलं पहिलंच वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलंय, "व्हीगन हॉटेल नंतर शोध, आधी हे बघ की त्या गावातली माणसं मटण-दूध नसताना काय शिजवतात."

सगळी ट्रिप आम्ही या एका वाक्यावर केली ताई.

अथेन्सचंच घ्या. आम्ही गेलो तेव्हा त्यांचा ईस्टरच्या आधीचा मोठा उपास चालू होता. तुम्ही सांगितलंत की तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन लोकांच्या उपासात मांस, दूध, चीज, अंडी सगळं बंद असतं, चाळीसहून जास्त दिवस, आणि शिवाय पाळणारे लोक वर्षभर बुधवारी आणि शुक्रवारीही पाळतात, त्यामुळे तिथे बिनदुधाचं जेवण ही शेकडो वर्षांची घरची गोष्ट आहे, कुणाला समजावून सांगावं लागत नाही. फक्त 'निस्तिसिमो' म्हणायचं, म्हणजे उपासाचं. आम्ही एका छोट्या खानावळीत गेलो, काचेमागे मोठमोठ्या ट्रेमध्ये जेवण मांडलेलं, तिथल्या आजींना मी तो शब्द म्हटला मात्र, त्यांनी हात धरून मला आतच नेलं आणि एकेक ट्रे दाखवायला लागल्या. टोमॅटोत भाजलेले मोठे पांढरे राजम्यासारखे दाणे, त्याला गिगांतेस म्हणतात, ऑलिव्ह ऑइलमध्ये मऊ शिजवलेल्या फरसबीच्या शेंगा, बटाटा-वांगं-झुकिनीचं ब्रियाम, वर कच्चा कांदा घातलेली पिवळ्या डाळीची घट्ट फावा, लिंबू पिळलेली उकडलेली रानभाजी. सॅलडवर राहा म्हणे! या तेलातल्या भाज्यांना ते लोक लादेरा म्हणतात आणि त्या गरम नसतात, कोमट वाढतात, तेही तुम्ही आधी सांगून ठेवलं होतंत म्हणून आईने परत गरम करून मागितलं नाही. शेवटी त्या आजींनी रव्याचा हलवा दिला, अगदी आपला शिराच, फक्त तुपाऐवजी ऑलिव्ह ऑइलमध्ये भाजलेला आणि वर दालचिनी. आईने दोनदा घेतला.

आणि तुमची ती सूचना नसती तर आम्ही तिथेच फसलो असतो, की उपासाचं म्हणजे पूर्ण व्हीगन नव्हे, कारण त्यांच्या उपासाला कोळंबी, कालवं, ऑक्टोपस चालतात, मधही चालतो, आणि ती गुलाबी रंगाची सुंदर दिसणारी चटणी असते ना, तारामासलाता, ती माशाच्या अंड्यांची. आणि भाजीवर वरून फेटा चीज टाकायची सवय असते म्हणून ऑर्डर देतानाच 'होरिस तिरी', चीज नको, म्हणायचं. तुम्ही ग्रीकमध्ये लिहून पाठवलेली चिठ्ठी मी फोनच्या लॉक स्क्रीनलाच लावली होती. सकाळी रस्त्यावर तिळाच्या गोल पावाची, कुलूरीची, गाडी दिसली की नाश्ता झाला.

इटलीची मला सगळ्यात जास्त धास्ती होती, चीजचा देश. तुम्ही म्हणालात, नेपल्सला जाऊन मरिनारा पिझ्झा मागव, त्यात चीज काढून टाकायला सांगावंच लागत नाही, ते कधी नव्हतंच. टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो, तेल, बस. २०१० मध्ये युरोपियन युनियनने नेपल्सच्या पिझ्झाची रीत अधिकृत नोंदवली त्यात मार्गारिटाच्या बरोबरीने मरिनाराचं नाव आहे आणि पीठ फक्त मैदा, पाणी, मीठ, यीस्ट यांचं. म्हणजे आम्ही काही खास मागणी करणारे परदेशी नव्हतो, त्यांच्याच दोन अस्सल पिझ्झांपैकी एक खात होतो. हे मला फार आवडलं. वेटरसमोर ओशाळं होऊन "हे नको, ते काढा" करत बसलं की जेवणावरची वासनाच उडते, आणि तुम्ही आमच्यावर ती वेळच येऊ दिली नाहीत.

पास्त्याचंही तसंच. सुका पास्ता बिनधास्त खा, तुम्ही म्हणालात, इटलीत १९६७ पासून कायदाच आहे की सुका पास्ता ड्युरम गव्हाचा रवा आणि पाण्याचाच, अंडं असेल तर तसं वेगळं लिहावं लागतं. ताजा पास्ता मात्र विचारून, कारण उत्तरेला बोलोन्याकडे तो अंड्यात मळतात आणि दक्षिणेला बऱ्याच ठिकाणी नुसत्या पाण्यात. जेनोवाला पेस्तोत, म्हणजे बेसिलच्या पानांच्या हिरव्या चटणीत, चीज असतंच म्हणून तो सोडला, पण फारिनाता! चण्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह ऑइल, एवढंच पातळ कालवून तांब्याच्या प्रचंड थाळ्यात ओतायचं आणि लाकडाच्या भट्टीत भाजायचं, कडा कुरकुरीत, मधे मऊ, वर मिरपूड. भट्टीवाला कागदात गुंडाळून देतो, आपण उभ्या उभ्या खायचं. आईने पहिल्या घासाला ओळखलं, बेसन आहे म्हणाली, आणि त्या माणसाला मराठीतच सांगायला लागली की आमच्याकडे यात कोथिंबीर घालतात. त्याला काय कळलं देव जाणे पण त्याने अजून एक तुकडा दिला, पैसे न घेता. तुम्ही सांगितलंत की हीच गोष्ट पिसाकडे चेचिना म्हणून मिळते आणि फ्रान्समध्ये नीसला सोक्का म्हणून, ते पुढच्या वेळी.

आईच्या बाबतीत तुम्ही जे सांगितलंत ते तर मी आता भेटेल त्याला सांगते. ती व्हीगन नाही तरी तिच्यासाठीही व्हीगनच मागायचं. कारण तिकडे व्हेजिटेरियन म्हटलं की अंडं धरलेलंच असतं, आणि चीजचंही बघा, अस्सल पार्मिजानो रेज्जानो वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटनेच, म्हणजे दूध घट्ट करायच्या विरजणानेच, करायचा असा त्यांचा नियम आहे. आयुष्यभर निष्ठेने शाकाहार पाळणारी आपली आई-वडिलांच्या वयाची माणसं टूरमध्ये ते चीज रोज खात असतात आणि कुणी त्यांना सांगत नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं. सांगायला काय लागतं? विमानातही हेच, जेवणाच्या कोडमध्ये एशियन व्हेज म्हणजे एव्हीएमएल मागितलं की दही-पनीर येतं, व्हीगन म्हणजे व्हीजीएमएल मागितलं की दूधही नाही आणि अंडंही नाही, आणि ते निदान दोन दिवस आधी नोंदवायचं.

व्हिएन्नाला मला वाटलं होतं अवघड जाईल, पण तुमच्या त्या अक्षरांनी आमचं काम सोपं केलं. युरोपात २०१४ च्या डिसेंबरपासून १४ ॲलर्जीकारक पदार्थांची माहिती देणं सक्तीचं आहे, पाकिटावर ते ठळक छापतात आणि हॉटेलांनाही सांगावं लागतं, आणि ऑस्ट्रियात तर मेनूकार्डावर प्रत्येक पदार्थापुढे अक्षरं असतात, G म्हणजे दूध, C म्हणजे अंडं, D म्हणजे मासे. जर्मन एक शब्द येत नसताना आम्ही अख्खं मेनूकार्ड वाचायला शिकलो. पण तुम्ही लगेच पुढे बजावलं होतंत की मांसाचं सूप, जिलेटिन, डुकराची चरबी, मध हे त्या १४ मध्ये येत नाहीत, त्यामुळे अक्षर नाही म्हणजे व्हीगन असं धरू नकोस, आणि बटाट्याचं सॅलड तर विचारल्याशिवाय घेऊच नकोस, व्हिएन्नात ते बऱ्याचदा मांसाच्या सूपमध्ये मुरवलेलं असतं. नेमकं तेच झालं. वेटरला आमचं इंग्लिश कळेना, मी तुम्हाला फोन लावला, तुम्ही कामात होतात तरी उचललात, त्याच्याशी जर्मनमध्ये बोललात, तो आत जाऊन आचाऱ्याला विचारून आला आणि मग आमच्यासाठी नुसत्या व्हिनेगर-तेलाचं वेगळं करून दिलं, वर हिरवंगार भोपळ्याच्या बियांचं तेल. त्या तेलाची चव अजून जिभेवर आहे.

रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच सामान भरून ठेवा, काहीच नाही मिळालं तर रेल्वे स्टेशनवरचं सुपरमार्केट उघडं असतं, हेही तुम्हीच सांगितलेलं. आणि दुधाच्या कपाटात ओटचं दूध शोधताना 'दूध' हा शब्द शोधू नका, २०१७ मध्ये युरोपियन कोर्टाने निकाल दिलाय की सोया-ओट वगैरेंना दूध म्हणून विकता येणार नाही, म्हणून तिथे 'हाफर ड्रिंक', म्हणजे ओटचं पेय, लिहिलेलं असतं. बारीक गोष्ट आहे पण परक्या गावात दमून भागून कपाटासमोर उभं राहिलं की अशी बारीक गोष्टच उपयोगी पडते. व्हिएन्नाच्या मानर कंपनीची ती गुलाबी पाकिटातली हेझलनटची वेफर बिस्किटं, १८९८ पासूनची, व्हीगन निघाली आणि नाशिकला येईपर्यंत बॅगेत होती.

मधेच नवरा ऑफिसच्या कामाला ब्रसेल्सला जाऊन आला, त्यालाही तुम्ही सोडलं नाहीत. बेल्जियमचे फ्राइज जुन्या रीतीने गुरांच्या चरबीत तळतात, तेल कुठलं ते विचार, असा मेसेज त्याच्या फोनवर विमान उतरायच्या आत! तो गेंटलाही जाऊन आला, तिथे २००९ पासून गुरुवार हा बिनमांसाचा दिवस म्हणून पाळतात, तुम्ही सांगितलंत म्हणून त्याने गुरुवारच निवडला.

आणि मग बर्लिन. तुम्ही सुट्टी काढून आलात, आईचा हात धरून मायबाखउफरच्या तुर्की बाजारात फिरवलंत, तो मंगळवार-शुक्रवार भरतो म्हणून आमचं तिकीटही तुम्हीच मंगळवारच्या हिशोबाने काढायला लावलं होतंत. सुदानी लोकांच्या दुकानातलं शेंगदाण्याच्या सॉसचं फलाफल खाऊ घातलंत, आणि ते चि कोफ्ते, नाव कोफ्ता पण दुकानात मिळतं ते दलियाचं, टोमॅटो-मिरचीची पेस्ट घालून मळलेलं, पातळ रोटीत गुंडाळून वर डाळिंबाचा आंबट-गोड सॉस. तुर्कस्तानात कच्च्या मांसाचं विकायला बंदी आली म्हणून दुकानातलं बिनमांसाचं झालं, ते तुम्ही चालता चालता सांगत होतात. इथिओपियन हॉटेलात तुम्ही फक्त उपासाची थाळी सांगितलीत, त्यांचाही उपास बिनमांसाचा-बिनदुधाचा, आणि एका मोठ्या इंजेरावर, म्हणजे त्यांच्या आंबवलेल्या पिठाच्या धिरड्यावर, सगळ्या डाळी-भाज्या आल्या, आपण चौघांनी एकाच ताटात हाताने खाल्लं. इतक्या दिवसांनी तिखट खाऊन आईच्या डोळ्यांत पाणी आलं, काही तिखटाने आणि काही तुमच्यामुळे, असं ती स्वतःच म्हणाली नंतर.

बर्लिनमध्ये तर पाटी लावलेली व्हीगन हॉटेलं पावलोपावली आहेत, हॅपीकाऊ ॲपवर सगळी दिसतात, आम्ही तिथेही जेवलो आणि छानच होतं. पण ॲपने मला पत्ते दिले असते, त्या आजींच्या ट्रेपर्यंत तुम्ही पोचवलंत. आम्ही त्या त्या गावाचं जेवण जेवून आलो, गावापासून लपत-छपत नाही. मी व्हीगन झाल्यापासून लोकांनी मला इतक्यांदा सांगितलंय की आता तुझं फिरणं संपलं, की मलाही ते थोडं खरं वाटायला लागलं होतं. आता वाटत नाही. याचे आभार कसे मानायचे मला खरंच कळत नाही.

आईने तुमच्यासाठी गोडा मसाला केलाय, नेहमीपेक्षा जास्तच, आणि बिनतुपाचे मेथीचे लाडू करतेय, शेंगदाण्याच्या तेलातले. माझी मैत्रीण पुढच्या महिन्यात बर्लिनला येतेय तिच्याकडे देते, तेवढा पत्ता परत पाठवा. आणि पुढच्या वर्षी आम्ही लिस्बनचं बघतोय. पोर्तुगालमध्ये २०१७ पासून सरकारी कँटीनमध्ये पूर्ण वनस्पतीज जेवणाचा पर्याय कायद्याने ठेवावाच लागतो असं वाचलंय, म्हणजे विद्यापीठाच्या कँटीनमध्ये काम होईल का? आणि ते काल्दो व्हेर्दे सूप सॉसेजशिवाय मागता येतं का, कसं म्हणायचं? वेळ मिळेल तेव्हा एक व्हॉइस नोट पाठवा.

तुमची,
नाशिकची धाकटी बहीण