सोल्यूशनची ट्यूब आणि २६ जूनची फेरी

महोदय,

सोलापुरात शाळेसमोर माझं वह्या-पेनांचं दुकान आहे. सातवी-आठवीतली पोरं सायकल नसताना पंक्चरच्या सोल्यूशनची ट्यूब मागतात, तेव्हा ती हुंगून नशा करायला हवी असते, हे सांगावं लागत नाही. मी देत नाही. चार दुकानं पुढं मिळते. शाळेपासून १०० यार्डांत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यानं बंदी आहे (पाळतं कोण, ते सोडा), पण सोल्यूशन ही तर गॅरेजची वस्तू!

केंद्राच्या २०१९ च्या पाहणीत हुंगायच्या नशेचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आढळलं होतं. पुढच्याच वर्षी १५ ऑगस्टला २७२ जिल्ह्यांत ‘नशामुक्त भारत अभियान’ सुरू झालं. आमच्याकडं ते २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, फेरी आणि शपथ एवढंच दिसतं. शपथ घेणाऱ्यांत माझी गिऱ्हाइकंही असतात.

व्यसनमुक्ती केंद्राचं नाव काढलं की आई-बाप म्हणतात, “आमचा पोरगा तसला नाही.” खरंच आहे, तो अजून तसला झालेला नाही. अशा पोराशी बोलायला आठवड्यातून एकदा तरी शाळेत समुपदेशक बसवा. वर्गशिक्षकांवर ते ढकलू नका, त्यांना आधीच कामं थोडी नाहीत. १४४४६ हा सरकारी मदत क्रमांक निःशुल्क आहे. तो फलकावर लिहिलेला मला तरी इथं कुठं दिसला नाही. माझ्या शटरवर जागा आहे, पालिकेनं रंगवून घ्यावा.

– एक दुकानदार, सोलापूर