मंत्रीसाहेब, खडकाच्या त्या पेट्या भिजू देऊ नका

मा. केंद्रीय खाणमंत्री साहेब,
सादर नमस्कार.

एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात रेअर अर्थ धातूंच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि गाड्यांच्या मोटरला मॅग्नेट मिळेनात, तेव्हापासून घरचेपण विचारतात, अरे तू इतकी वर्षं हेच करायचास ना? हो, हेच. गुजरातमध्ये छोटा उदेपूरजवळ आंबाडोंगर आहे, तिथलं कार्बोनेटाइट, म्हणजे दिसायला चुनखडीसारखा पण मॅग्मातून आलेला खडक, आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाच्याच वयाचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. १९६३ मध्ये सुखेसवाला आणि उदास यांनी त्यावर पेपर लिहिला, सुखेसवाला मुंबईच्या झेवियर्सचे, आमचं शिक्षण त्या पेपरापासूनच सुरू झालं.

आता कुठेही रेअर अर्थचा साठा सापडला अशी बातमी आली की सगळे खूश होतात. पण साहेब, दगडातली टक्केवारी चांगली आली म्हणजे धातू हातात आला असं नसतं हो. आंबाडोंगरला रेअर अर्थ आहे तो बॅस्टनेसाइट, सिंकिसाइट असल्या खनिजांत, आणि ते दाणे इतके बारीक, बाकीच्या खनिजांत इतके गुंतलेले की दगड किती दळायचा, काय कशाने वेगळं निघेल, हे थिन सेक्शन, म्हणजे दगडाचा पारदर्शक होईल इतका पातळ काप, करून मायक्रोस्कोपखाली बघत बसल्याशिवाय कळत नाही. याला वर्षं लागतात. केरळ-ओडिशाच्या किनाऱ्यावर मोनाझाइट, हेही रेअर अर्थचंच खनिज, वाळूतच मोकळा मिळतो, दळायचं काम निसर्गानेच करून ठेवलंय, त्यामुळे तिथली पद्धत इथे उचलून आणता येत नाही.

माझ्या पीएचडीच्या वेळचे ड्रिल कोर, म्हणजे जमिनीत खोल ड्रिल करून काढलेले खडकाचे लांब तुकडे, पेट्यांत भरून एका शेडमध्ये ठेवलेले. दोन पावसाळे पत्र्यातून पाणी गळलं, पेट्यांवरचे नंबर पुसले गेले, कुठला तुकडा किती मीटर खोलीचा काही कळेना, सगळा ड्रिलिंगचा खर्च पाण्यात. माझ्या हाताखालची मुलगी, तिच्याइतकं बारीक मायक्रोस्कोपखाली कोणी बघायचं नाही, प्रोजेक्टची तीन वर्षं संपली आणि ती बँकेच्या परीक्षेला बसली. मला याचं आजही वाईट वाटतं.

जानेवारी २०२५ मध्ये तुमच्या सरकारने क्रिटिकल मिनरल मिशनला १६,३०० कोटी मंजूर केले, फार चांगलं केलं. त्यातून ड्रिलिंगच्या प्रत्येक बजेटमध्येच कोर सांभाळायचे पैसे धरा, आणि खनिजं तपासणाऱ्या पोरांना तीनऐवजी निदान सहा वर्षं काम द्या.

मीटरप्रमाणे नोंदी केलेली माझी जुनी वही अजून जपून ठेवलीय. पेट्या जुळवायचं ठरलं तर कळवा, मी स्वतः येऊन बसतो.

आपला,
एक भूवैज्ञानिक