बाई, ती जागा रिकामी ठेवलीत म्हणून

आदरणीय बाई,

परवा निकाल लागला. तुम्हाला फोन केला, पण रडूच फुटलं आणि बोलायचं होतं ते राहून गेलं. म्हणून हे पत्र, सगळ्यांच्या देखत.

हे गेल्यानंतर आठ महिन्यांनी मी तत्त्वज्ञानाच्या एम.ए.ला नाव घातलं. वय 59. आधी ज्यांच्याकडे शिकायला गेले, त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "आता या वयात कशाला? घरी पोथी वाचा." मग नोट्स सांगितल्या : युडायमोनिया हा ग्रीक शब्द, म्हणजे सुख, मानवी जीवनाचे अंतिम साध्य. मी विचारलं, कसलं सुख? "परीक्षेत एवढंच लिहायचं." दोन वर्षं आजारी माणसाचं सगळं अंथरुणात केलेली बाई मी. मला तो शब्द परीक्षेपुरता नको होता. ते उत्तर अजून सलतं.

तुम्ही माझी वही पाहिलीत. मी पेन्सिलीनं लिहिलेल्या 'सुख' या शब्दावर खोडरबर फिरवलंत, तिथे एक रेघ ओढलीत आणि म्हणालात, "ही जागा रिकामी राहू दे. वाचून झालं की तुम्हीच भरा." मग खोडरबराची भुकटी हातानं झटकलीत आणि वही माझ्याकडे सरकवलीत.

बाई, तुम्हाला हे आठवतही नसेल. पण हे गेल्यापासून जो तो माझ्या आयुष्यात काहीतरी भरायला धावत होता. सत्संग, सहल, नातवंडं. सगळे प्रेमानंच. रिकामं राहू दे, असं म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या.

मग आपण ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलचा नीतीवरचा ग्रंथ, 'निकोमाकियन एथिक्स', वाचायला घेतला. तो सुरुवातीलाच सांगतो की युडायमोनिया हे नाव सगळ्यांना मान्य आहे, ते आहे काय यावर मात्र एकमत नाही. एकच माणूस आजारपणात आरोग्याला सुख म्हणतो आणि गरिबीत पैशाला. मी तिथेच थांबले. ह्यांच्या शेवटच्या दिवसांत मला रात्रीचा ताप उतरण्यापलीकडे काही नको होतं. त्या रात्री रेघेवर 'आरोग्य' लिहिलं. सकाळी खोडलं.

पुढे ऑलिंपिकचा दाखला आला. मुकुट सर्वांत बलवान माणसाला मिळत नाही, जो मैदानात उतरतो त्यांच्यातल्या कुणाला तरी मिळतो. म्हणजे सुख ही मिळवून कपाटात ठेवायची वस्तू नव्हे. ते करण्यात आहे, चांगल्या रीतीनं आणि आयुष्यभर करत राहण्यात. एक पाकोळी दिसली म्हणून वसंत येत नाही. आणि त्यानं मला खोटा धीरही दिला नाही. म्हातारपणी मुलं आणि राज्य गमावलेल्या ट्रॉयच्या प्रायम राजासारखा शेवट वाट्याला आला तर त्या माणसाला कुणी सुखी म्हणणार नाही, हे तो सरळ मान्य करतो. नशिबाचा घाला तो नाकारत नाही. यासाठी मी त्याची कायमची ऋणी आहे.

ॲरिस्टॉटलनंतरच्या ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसबद्दल मला आधी एवढंच सांगितलं होतं की तो 'खा, प्या, मजा करा'वाला. आपल्या चार्वाकाचंही 'ऋण काढून तूप प्या'मधलं एक तूपच तेवढं लोकांच्या लक्षात राहिलं. अथेन्सच्या बागेत, इ.स.पू. 306च्या सुमारास, भाकरी-पाण्यावर समाधानी राहणारा, बायकांना आणि गुलामांनाही शेजारी बसवून शिकवणारा हा माणूस तुम्ही दाखवलात. मेनोइकेउस या शिष्याला लिहिलेलं त्याचं पत्र तुम्ही मला दोनदा मोठ्यानं वाचायला लावलंत. तत्त्वज्ञानाची वेळ अजून आली नाही किंवा टळून गेली असं म्हणणं, म्हणजे सुखाची वेळ आली नाही किंवा टळून गेली असं म्हणणं. "या वयात कशाला"चं उत्तर तेवीसशे वर्षांपूर्वी देऊन ठेवलेलं होतं. तुम्ही मला ते शोधून दिलंत, आणि माझ्या वयाबद्दल स्वतः एक अक्षर काढलं नाहीत.

आणि त्याचं ते शेवटचं पत्र. लघवी अडून असह्य कळा येत असताना तो मित्राला लिहितो की आपल्या गप्पांच्या आठवणींचा आनंद या वेदनेसमोर उभा आहे. मग आधीच वारलेल्या मेट्रोडोरस या सोबत्याच्या मुलांकडे लक्ष दे म्हणतो. हे वाचताना माझा आवाज गेला. तुम्ही पुस्तक मिटलं नाहीत, पाणी आणायलाही उठला नाहीत. पुढची ओळ तुम्ही वाचलीत.

परीक्षेत मी युडायमोनियाला मराठी शब्द दिला नाही. दोन पानं लिहिली.

त्याच एपिक्युरसनं एका मित्राकडे चीजचं लहानसं भांडं मागितलं होतं, मनात आलं की मेजवानी करता यावी म्हणून. आमच्या शेजारची गाय व्यायली आहे. चीक सांगून ठेवलाय. गुरुवारी खरवस घेऊन येते, आणि वहीही.

तुमची विद्यार्थिनी