ज्यांचे अनुदान अडले, त्यांचीही यादी लावा

महोदय,

2023 च्या खरिपातील सोयाबीन व कापसासाठी राज्य सरकारने हेक्टरी 5000 रुपयांचे अनुदान, दोन हेक्टरच्या मर्यादेत, जाहीर केले. 20 गुंठ्यांच्या आतल्यांना सरसकट 1000. वाटप सुरू व्हायला 30 सप्टेंबर 2024 उजाडला. हेक्टरी 5000 म्हणजे एकरी 2000 रुपये. एकरी आठ क्विंटल उतारा धरला तर क्विंटलमागे अडीचशे. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4600 होता आणि बाजार त्याच्याही खाली गेला होता, हे लक्षात घेतले तर ही रक्कम भरपाई नव्हे, हातभार आहे. पण तोही अडला तर बियाण्याची पिशवी उधारीवर येते.

अडते कुठे? पहिली जागा ई-पीक पाहणी, म्हणजे शेतकऱ्याने शेतात जाऊन मोबाइल अॅपवर स्वतः करायची पिकाची नोंद. ढगाळ दिवशी मोबाइलला नेमके ठिकाण सापडत नाही आणि बांधावर उभे राहिले तर आपण शेजारच्या गटात (दुसऱ्याच्या जमिनीत) दिसतो. गटाच्या मध्यावर जाऊन दोन मिनिटे थांबावे, मग फोटो काढावा. रेंज नसताना केलेली नोंद फोनमध्येच पडून राहते. घरी येऊन अपलोड केली नाही, तर सातबाऱ्यावर पीक चढत नाही. सोयाबीनमध्ये तूर असेल तर मिश्र पीक निवडून दोन्हींचे क्षेत्र वेगवेगळे टाकायला हवे. अनेक जण घाईत सगळे क्षेत्र एकाच पिकाच्या नावे टाकतात. चूक 48 तासांत स्वतःला सुधारता येते, त्यानंतर तलाठ्याकडे जावे लागते. 2023 च्या मदतीसाठी ई-पीक पाहणीची अट पुढे शिथिल करून सातबाऱ्यावरची नोंद धरली गेली, ते योग्यच झाले. दर वेळी तसे होईल, असे धरून चालू नये.

सर्वांत जास्त घोळ सामायिक खात्यांचा. सातबाऱ्यावर तीन भाऊ, दोन बहिणी आणि वारलेल्या वडिलांचे नाव. जमीन कसतो एक भाऊ, एक पुण्यात नोकरीला, बहिणी सासरी. रक्कम एकाच्या खात्यात घ्यायची तर बाकीच्यांची ना हरकत हवी, आणि वडिलांची वारस नोंद झालेली नसेल तर त्यांच्या वतीने सही करणार कोण? वारस नोंदीचा अर्ज, नोटीस, हरकतीची मुदत, मग फेरफार (नाव बदलाची नोंद) मंजूर, यात महिने जातात. मदत जाहीर झाल्यावर धावपळ करून ते जमत नाही. आता योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो आणि तो जमीन नावावर असलेल्यालाच मिळतो, म्हणून हे काम आधी उरकावे. बटईने (पिकाच्या वाट्यावर) किंवा ठोक्याने (ठरलेल्या रकमेवर) दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचे तर कागदावर कुठेच नाव नसते. खर्च त्याचा आणि पैसे मालकाच्या खात्यात. यावर सरकारने अजून सरळ मार्ग काढलेला नाही, याची खंत वाटते.

बँकेतली गोम वेगळीच. खात्याला आधार जोडलेले असणे आणि थेट लाभासाठी तेच खाते नोंदलेले असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मध्येच दुसऱ्या बँकेत खाते उघडताना आधारची संमती दिली, की पैसे त्या नव्या खात्यात जातात आणि माणूस जुने पासबुक भरून घेत राहतो.

आमची मागणी एकच. पात्र नावांची यादी चावडीवर लागते, तशी अडलेल्यांचीही लावा: गट क्रमांक, जमिनीचा खाते क्रमांक, नोंदवलेले पीक, क्षेत्र आणि अडल्याचे कारण. आधार क्रमांक किंवा बँक खाते त्यात नको. ही यादी पैसे सुटण्याच्या महिनाभर आधी लागावी. आज शेतकऱ्याला तलाठी कृषी सहायकाकडे पाठवतो, कृषी सहायक बँकेकडे, आणि बँक पुन्हा तलाठ्याकडे. कारण लिहिलेले असेल, तर निदान कोणत्या दारात उभे राहायचे ते तरी त्याला कळेल.

– एक शेतकरी वाचक, औसा (जि. लातूर)