विषय : माझ्या खालच्या ब्लॉकमध्ये भिंत पाडण्याचे काम तातडीने थांबवण्याबाबत

माननीय अध्यक्ष,
स. न. वि. वि.

माझ्या खालच्या ब्लॉकमध्ये स्वयंपाकघर आणि हॉल यांमधली भिंत पाडली जात आहे, हे मी तोंडी, लेखी आणि शेवटी जिन्यात गाठूनही आपल्या कानावर घातले आहे. ‘इंटिरिअर म्हटले की आवाज होणारच,’ हे सचिवांचे उत्तर. माझी तक्रार आवाजाची नाहीच; दुपारी दोन ते चार काम बंद ठेवण्याच्या नियमाचे काय झाले, हा प्रश्न मी तूर्त बाजूला ठेवतो.

आपली इमारत जुनी, लोड बेअरिंग आहे. तिला आरसीसीचे खांब नाहीत. स्लॅबचा भार नऊ इंची विटांच्या भिंतींवरून थेट पायात उतरतो. संबंधित सभासद म्हणतात की त्यांच्या मेहुण्यांनी बाणेरच्या टॉवरमध्ये अशीच भिंत काढली आणि काही झाले नाही. तिथे काय होणार? तिथला भार खांब आणि बीम घेतात, भिंत केवळ आडोसा असते. इथे त्याच भिंतीवर माझी भिंत उभी आहे आणि माझ्या भिंतीवर गच्चीचा स्लॅब. वीट दाब उत्तम सोसते, ताण जवळजवळ नाही. खालचा आधार गेला की वरची भिंत मध्यात खचू पाहते, खालच्या अंगाला ताण येतो आणि भेग सांध्यासांध्यांतून पायऱ्यांसारखी तिरपी चढत जाते. माझ्या खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली भेग नेमकी अशीच आहे. भेग वाढते आहे का हे कळावे म्हणून तिच्यावर मी प्लास्टर ऑफ पॅरिसने काचेची पट्टी बसवली होती. ती मधोमध तडकली आहे. सचिवांनी सुचवलेली क्रॅक फिलरची पुडी हा त्यावरचा उपाय नव्हे.

शिवाय उरलेल्या भिंतीत पाइपांसाठी आडवी झिरी मारली आहे. विटांच्या बांधकामासाठीच्या ‘भारतीय मानक क्रमांक १९०५’ प्रमाणे आडव्या झिरीची खोली भिंतीच्या जाडीच्या एक षष्ठांशाहून अधिक नसावी, म्हणजे आपल्याकडे जेमतेम दीड इंच. या झिरीत माझी चार बोटे मुळापर्यंत जातात.

गृहनिर्माण संस्थेच्या उपविधींनुसार अशा फेरफारांना समितीची पूर्वपरवानगी लागते आणि तीस वर्षांवरील इमारतीचे संरचनात्मक परीक्षण दर तीन वर्षांनी व्हायला हवे. गच्चीच्या रंगासाठी मात्र आपल्याकडे निधी निघाला. तळमजल्यावरचे काका आणि समोरचे कुटुंब माझ्याशी पूर्ण सहमत आहेत. शेजारधर्मामुळे त्यांनी सही केलेली नाही, इतकेच. माझ्या बाल्कनीच्या ग्रिलचा विषय कृपया इथे आणू नये, तिच्यावर कोणताही भार नाही.

जुलै २०१७ मध्ये घाटकोपरची सिद्धिसाई इमारत कोसळून १७ जण गेले, तेव्हा तळमजल्यावर नूतनीकरणच चालू होते. ती इमारत वेगळी होती, हे मला कळते. पण आधाराला हात न लावण्याचा धडा तोच.

तरी काम आजच थांबवावे, भिंतीच्या जागी तात्काळ लोखंडी टेकू लावून घ्यावेत आणि परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी अहवालाशिवाय एकही वीट हलवू देऊ नये. तपासणीचा खर्च अर्थातच ज्यांनी घण चालवला त्यांनी करावा. समितीला अजूनही हा आवाजाचा प्रश्न वाटत असेल, तर पुढची सभा माझ्या झोपण्याच्या खोलीत, त्या भेगेला पाठ टेकून घ्यावी. चहाची व्यवस्था मी करीन.

कळावे,
आपला,
दुसऱ्या मजल्यावरील सभासद