खोकलाईला जागेवरून हलवू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

चैत्र लागला. गावोगावच्या यात्रांची पत्रकं घरी येऊ लागली आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच पत्रकांवर 'जीर्णोद्धार, मूर्तिप्रतिष्ठापना व कलशारोहण सोहळा' असं ठळक छापलेलं असतं. त्याबद्दलच हे पत्र लिहिते आहे.

मी आरोग्यसेविका म्हणून भोर तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर ३१ वर्षं काम केलं. माझ्या माहेरच्या गावात वेशीबाहेर कडुनिंबाखाली तीन शेंदरी तांदळे, म्हणजे देवी म्हणून पुजलेले बिनघडणीचे दगड, होते. एक सटवाईचा, एक खोकलाईचा, तिसरा मरीआईचा. गेल्या वर्षी तिथे देऊळ झालं. खाली चकचकीत फरशी, स्टीलचे कठडे, आत वाघावर बसलेली संगमरवरी अष्टभुजा देवी. तिघींचं मिळून नाव ठेवलं दुर्गामाता. जुने दगड नदीच्या डोहात सोडले. पोरांनी वर्गणी काढली, स्वतः वाळू वाहिली; कुणाच्या मनात वाईट नव्हतं हे मला ठाऊक आहे. पण नव्या देवीपुढे ओटी घेऊन उभी राहिले तेव्हा मी कुणाची ओटी भरते आहे तेच मला कळेना.

सटवाईचं सांगते. बाळंतिणीच्या घरी पाचवीच्या रात्री पाटा-वरवंटा मांडतात, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी लेख लिहून जाते, अशी समजूत. घरातलं कुणीतरी दिवा विझू न देता जागं राहतं. नोकरीला लागले तेव्हा मला यात निव्वळ अडाणीपणा दिसायचा. मग आम्हाला नवजात बाळाच्या धनुर्वाताबद्दल शिकवलं. नाळ विळ्याने कापली, वर शेण नाहीतर राख लावली, की जंतू आत जातात. बाळ पहिले दोन-तीन दिवस चांगलं अंगावर पितं, मग तोंड आवळतं, दूध ओढेनासं होतं, आचके येतात. बहुतेक बाळं याला पहिल्या पंधरवड्यातच बळी पडत. ते ऐकताना मला पाचवीचा दिवा आठवला. ज्या दिवसांत बाळ हातचं जायचं, नेमक्या त्याच दिवसांतली एक रात्र आयाबायांनी जागरणाला धरली होती. हे माझं स्वतःचं अनुमान आहे, पण तेव्हापासून मी कुणाच्या घरातल्या पाटा-वरवंट्याला नावं ठेवली नाहीत. गरोदरपणातली इंजेक्शनं, स्वच्छ पातं आणि दवाखान्यातली बाळंतपणं यांमुळे २०१५ मध्ये माता आणि नवजात धनुर्वाताचं देशातून निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. त्या कामात माझाही हात आहे, याचा मला अभिमान वाटतो.

मरीआई पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची. तिची जत्रा आखाडात, नवं गढूळ पाणी विहिरीत उतरतं त्याच दिवसांत. साथ आली की तिचा गाडा वाजतगाजत शिवेपर्यंत ओढत नेत आणि पलीकडच्या गावाच्या हद्दीत सोडत. खोकलाई पोरांच्या खोकल्याची. देवीच्या आजाराला तर वेगळं नावच नव्हतं, आजार तोच आणि देवीही तीच. म्हणून लस टोचण्यालाही आपण 'देवी काढणं' म्हणू लागलो. माझ्या दंडावर तो वण आहे. १९७५ नंतर देशात देवीचा रोगी उरला नाही, आता तो वण तरुण मुलींना दाखवून समजावून सांगावा लागतो. आमच्या गावात पटकीने किती माणसं गेली, कुणाची किती लेकरं खोकल्याने गेली, याचा एकही कागद नाही. होते ते हे तीन दगड आणि त्यांची नावं. दुर्गामाता म्हटल्यावर त्यातलं काय उरलं?

कुणी म्हणेल, आरोग्यसेविका असून ही बाई शेंदराचे दगड सांभाळा म्हणते. लेकरू खोकत असेल तर आधी दवाखान्यात न्या, हे मी आयुष्यभर उंबरठ्या-उंबरठ्यावर सांगितलं आणि आजही सांगेन. पोतराजाने स्वतःच्या अंगावर आसूड ओढावेत किंवा कुणी लेकरू देवीला सोडावं, असंही मला वाटत नाही. त्या प्रथा कमी झाल्या ते बरं झालं. पण म्हणून देवीचं नाव पुसायचं आणि ठाणं मोडायचं कारण नाही.

इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपास पायी हिंडून अशी ठाणी टिपत असत, आणि माणसांच्या अगदी जुन्या वाटा कुठून जात होत्या याचा माग ते त्यांवरून काढत. तांदळा जागचा हलला की तो मागही तुटतो. आपल्याकडे प्रत्येक ठाण्याची रीत वेगळी आहे. वाडेबोल्हाईच्या बोल्हाईला शेळी-बोकड चालत नाही, मेंढरू चालतं. म्हणून तर पुण्याकडच्या खानावळींवर 'बोल्हाईचे मटण' अशी पाटी असते. वेंगुर्ल्याजवळ आरवलीच्या वेतोबाला भलेमोठे चामडी जोडे वाहतात, कारण देव रात्री गावाची राखण करत हिंडतो आणि त्याचे जोडे झिजतात. तळकोकणात आणि गोव्यात सातेरी म्हणजे चक्क वारूळ. देऊळ बांधलं तरी आत वारूळच पूजतात. या गावांनी देवळं बांधली आणि देवाचं रूपही राखलं. मग आम्हालाच दगडाची लाज का वाटावी?

आणखी एक गोष्ट मला फार लागली. मरीआईची पूजा आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेरच्या एका घराकडे होती. पूजा कसली, पाणी घालायचं, शेंदूर लावायचा, आखाडात दहीभात ठेवायचा. बायकाही थेट दगडाला हात लावून हळदीकुंकू वाहायच्या, कुणाला विचारावं लागत नसे. आता पगारी पुजारी आहे, गाभाऱ्याला कुलूप आहे आणि आम्ही कठड्याच्या अलीकडून हात जोडतो. त्या घरातली म्हातारी प्रतिष्ठापनेला आलीच नाही.

नुकसान तांदळ्यांपुरतंही थांबत नाही. वेशीवरच्या देवळाभोवती लढाईत पडलेल्या वीरांचे वीरगळ, सती गेलेल्या बायकांच्या सतीशिळा, कधी दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी कोरलेले गधेगळ पडलेले असतात. ओटा करताना ते पायात भरतात नाहीतर वर ऑइलपेंट फासतात. अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जातो, आणि तोही रस्त्याच्या कडेला उघड्यावरच होता. शंभर वर्षांहून जुनी अशी कोरीव शिळा १९७२ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे पुरावशेष ठरते. हे गावाला कुणी सांगतच नाही.

म्हणून आपल्या पत्रातून यात्रा कमिट्यांना हात जोडून विनंती करते. छप्पर घाला, पायऱ्या बांधा, पाण्याची सोय करा. मूर्ती बसवायचीच असेल तर तांदळा तिच्यापुढे, जुन्या जागी, हात लागेल असा ठेवा. पाटीवर देवीचं जुनंच नाव लिहा. खोकलाई असेल तर खोकलाई. आणि काम सुरू करण्याआधी गावातल्या म्हाताऱ्या बायकांना बसवून कुठला दगड कुणाचा, नैवेद्य कशाचा, मान कुणाचा, हे शाळेच्या पोरांकडून वहीत उतरवून घ्या. ग्रामपंचायतींनी अशी एक वही दप्तरात ठेवली तर खर्च काहीच नाही.

वैशाखात डोहाचं पाणी कमरेपर्यंत उतरतं. आम्ही चार-पाच जणींनी तेव्हा उतरून दगड शोधायचं ठरवलं आहे. शेंदूर धुऊन गेला असेल, पण मरीआईच्या दगडाला डावीकडे एक खाच आहे, ती मला ओळखू येईल. निंब अजून उभा आहे. त्याच्या बुंध्याशी तीन हात जागा द्या, असा अर्ज मी कमिटीकडे दिला आहे.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
ता. भोर, जि. पुणे